प्रत्येक गाठ वैरी नसते!

‘पित्तनलिकेत गाठ दिसते आहे,’ असे डॉक्टरांनी म्हटले, की घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते. गाठ म्हणजे कॅन्सर, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. ही भीती अनाठायीही नाही. या अरुंद वाटेत कावीळ आणणाऱ्या गाठी पुष्कळदा कर्करोगाच्याच निघतात. पण अगदी मोजक्या रुग्णांत ती गाठ निघते मज्जातंतूंची आणि बिनधोक जातीची.

पित्ताशयात मज्जातंतूंचे काय काम, असे कुणी विचारील. यकृतात तयार झालेले पित्त पित्ताशयात साठते आणि जेवणानंतर आतड्यात सोडले जाते. या कामावर देखरेख ठेवणाऱ्या बारीक तंतूंचे जाळे तिथल्या भिंतींत पसरलेले असते. विजेच्या तारेवर वेष्टण असावे, तसे या तंतूंवर पेशींचे आवरण असते. पेशीसिद्धान्त मांडणारे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांचेच नाव या पेशींना मिळाले आहे. मराठी कानाला नाव गमतीचे वाटेल. पण १८४४ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून पित्ताचे महत्त्व दाखवून देणारेही हेच श्वान! या पेशी वाढून होणारी गाठ म्हणजे ‘श्वानोमा’. ‘ग्रॅन्युलर सेल ट्यूमर’ ही याच कुळातली दुसरी गाठ; पित्तमार्गात ती अधिक करून तरुण स्त्रियांत आढळली आहे.

तिसरा प्रकार शस्त्रक्रियेनंतरचा. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढले. आज हे ऑपरेशन सर्रास होते. ते करताना बारीक तंतू कापले जाणे अटळच असते. छाटलेल्या फांदीला धुमारे फुटावेत, तसे कापलेले टोक पुन्हा वाढू पाहते. वाट सापडली नाही, की तंतूंचा गुंता होऊन गाठ बनते. बहुतेकदा तिचा त्रास होत नाही. क्वचित मात्र ती नलिका आवळते आणि ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी कावीळ उद्भवते.

अडचण अशी, की सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये या गाठी कर्करोगासारख्याच दिसू शकतात. त्या नलिकेच्या अस्तराखाली दडलेल्या असल्याने दुर्बिणीतून घेतलेल्या नमुन्यातही अनेकदा सापडत नाहीत. मग नलिकेचा तो भाग काढून आतडे वर जोडावे लागते. खरी ओळख पटते ती त्यानंतर, सूक्ष्मदर्शकाखाली. ‘एस-१००’ या प्रथिनाची तपासणी तिथे कामी येते.

‘मग एवढे ऑपरेशन उगाचच झाले का?’ असे नातेवाईक विचारतात. तसे नाही. गाठ साधी असली, तरी तुंबलेले पित्त साधे नसते. त्यात जंतुसंसर्ग होतो, यकृत बिघडते. गाठ पूर्ण निघाली, की रुग्ण सहसा खडखडीत बरा होतो.

म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरके आणि अंगाला खाज, अशी लक्षणे दिसली, तर चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवत बसू नये. पूर्वी पित्ताशय काढले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जुने कागद जपून ठेवावेत. आणि गाठीचा तपासणी अहवाल हाती येईपर्यंत घरात रडारड करू नये. उपचाराला उशीर नको, तशी निदानाची घाईही नको.