चार मिनिटे आणि दोन हात

संध्याकाळी सहा वाजता हिंजवडीच्या शिवाजी चौकात उभे राहिले, की अंतर किलोमीटरांत मोजणे किती व्यर्थ आहे ते चटकन पटते. माहिती तंत्रज्ञान उद्यानातून सुटलेली वाहने एकमेकांना चिकटून उभी असतात. इथे अंतर मिनिटांत मोजायचे. आणि ज्याचे हृदय अचानक बंद पडले आहे, त्याच्यापाशी मिनिटे फार थोडी असतात. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर चार-पाच मिनिटांत त्याच्या पेशींची हानी होऊ लागते. मदत न मिळाल्यास दर मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते.

महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. ती पोचेपर्यंत जो जवळ असेल, तोच वैद्य. हृदय बंद पडण्याच्या बहुतेक घटना घरातच घडतात, आणि घरी किंवा शेजारी असते ती पुष्कळदा एखादी स्त्रीच. तरीही ‘हे ताकदीचे काम, बायकांना कसे जमणार?’ असा प्रश्न अजून ऐकू येतो.

प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, तेव्हा उत्तरही तिथेच शोधू. छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्त खेळते ठेवता येते, हे बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबोकर यांनी १९६० साली जगापुढे मांडले. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढ माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची. त्याला साधारणपणे ४० ते ५० किलो वजनाइतका जोर लागतो. हा जोर दंडाच्या स्नायूंनी लावायचाच नसतो! कोपरे ताठ आणि खांदे हातांच्या बरोबर वर ठेवून पुढे झुकले, की शरीराचे वजनच काम करते. वजनकाटा जमिनीवर ठेवून, त्याच्याजवळ गुडघे टेकून तो दाबून पाहा. एकदा कोपरे वाकवून, एकदा ताठ ठेवून. आकड्यांतला फरक पुरेसा बोलका आहे. (धडधाकट मित्राच्या छातीवर हा प्रयोग मुळीच करू नये.) हलक्या अंगाची व्यक्ती लवकर थकते हे खरे, पण थकतात सगळेच, म्हणून तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो.

शिवाय, असे काम बायकांनी करून दाखवलेलेच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. जन्मल्यावर न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला त्या घरातच कृत्रिम श्वास देत. आधी नळी-मुखवट्याने, पुढे हाताने दाबायच्या पिशवीने. जंतुदोष झालेल्या बाळांना इंजेक्शनही त्याच देत. १९९३-९५ मध्ये तिथे हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत होती. १९९७-९८ मध्ये ती संख्या २५ च्या आसपास आली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ साली हे निष्कर्ष छापले आणि पुढे देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे नवजात बालकांच्या घरोघरच्या देखभालीचे काम आले. आशांना सरकारी भाषेत ‘स्वयंसेविका’ म्हणतात, आणि म्हणून त्यांना नियमित वेतनश्रेणी नाही. हे या लेखकाला पटत नाही.

बायका मदतीला हव्यात याचे आणखी एक कारण आहे. अमेरिकेतील एका पाहणीत असे दिसले, की सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आसपासच्या लोकांनी छाती दाबून मदत केली. स्त्रियांपैकी फक्त ३९ टक्क्यांना. परक्या स्त्रीच्या छातीला हात लावावा की नाही हा संकोच त्यामागे असावा, असे अभ्यासक मानतात. मदतीला बाई असेल, तर निदान हा संकोच आड येत नाही.

गंमत अशी, की हे तंत्र शिकवणारी पहिली प्रसिद्ध बाहुली स्त्रीच होती! नॉर्वेचा खेळणीवाला आस्मुंड लॅरदाल याने १९६० साली ती बनवली. तिचा चेहरा, पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या अनोळखी मुलीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून घेतलेला आहे. पण वर्गात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक बाहुल्यांची छाती आजही सपाटच असते. आता काही ठिकाणी त्यांच्यावर स्त्रीच्या छातीचा आकार असलेले जाकीट चढवून मग सराव करून घेतात.