शाळेतले कलाशिक्षण : कागदावर काय आहे?

• अभ्यासक्रम आराखडा, २००५ : संगीत, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला हे विषय शाळेच्या सर्व स्तरांवर असावेत, ही शिफारस.

• शिक्षण हक्क कायदा, २००९ : सहावी ते आठवीचा पट १००च्या वर असेल, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. पूर्णवेळ शिक्षकाची अट नाही.

• शैक्षणिक धोरण, २०२० : कला आणि विज्ञान अशी कडक विभागणी नको.

• रेखाकला परीक्षा : एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट; घेते महाराष्ट्राचे कला संचालनालय. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण.

• फरक : कलाशिक्षणात कला हाच विषय, कला-एकात्मिक अध्यापनात ती साधन. रांगोळीतून सममिती शिकवली, तरी तास गणिताचाच.