फाइलीची खरी ओळख



आमच्या शेजारच्या एका मुलीनें गेल्या वर्षीं प्रवेशाचा अर्ज संगणकावरून भरला. फोटो 'जेपीजी' प्रकारचा हवा, अशी अट होती. तिचा फोटो आयफोनवर काढलेला. त्याच्या नांवाच्या शेवटीं 'एचईआयसी' हीं अक्षरें होतीं. कोणीं तरी सुचविलें, नांव बदल म्हणजे झालें. तिनें तीं अक्षरें पुसून 'जेपीजी' लिहिलें. संकेतस्थळानें फोटो बिनतक्रार घेतला, पोंचहि दिली. आणि तीन आठवड्यांनीं 'फोटो उघडत नाहीं, सबब अर्ज बाद' असा निरोप आला. मुलगी चुकली हें खरें. परंतु दारावरच्या पहारेकऱ्यानें काय पाहिलें? त्यानें केवळ नांव वाचलें.

डब्यावर 'साखर' अशी चिठ्ठी डकविल्यानें आंतील मीठ गोड होत नाहीं. फाइलीच्या नांवांतील बिंदूनंतरचीं अक्षरें ही अशीच एक चिठ्ठी होय. दुसरी चिठ्ठी ब्राउझर फाइलीबरोबर पाठवितो, 'ही अमुक प्रकारची आहे' म्हणून. पुष्कळ प्रोग्रॅमर हिच्यावर भिस्त ठेवतात. पण ब्राउझरहि ती बहुधा नांवावरूनच लिहितो. एक्सेल बसविलेल्या विंडोज यंत्रावरून साधी सीएसव्ही यादी पाठवा, ती कित्येकदां 'एक्सेलची वही' म्हणून दाखल होते. शिवाय ज्याला फसवावयाचें आहे, तो ही चिठ्ठी हवी तशी लिहूं शकतो. विद्यार्थ्यानें स्वतःच्या हातानें लिहून आणलेला दाखला कोणता हेडमास्तर मान्य करील?

खरी ओळख फाइलीच्या पोटांत असते. फाइल म्हणजे ० ते २५५ पर्यंतच्या अंकांची लांबलचक रांग; प्रत्येक अंक म्हणजे एक बाइट. बहुतेक प्रकारांच्या आरंभीं ठराविक खूण असते. जेपीजीचे पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५. पीएनजी चित्राची खूण तर मोठ्या दूरदृष्टीनें रचलेली आहे : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी हीं रोमन अक्षरें. पहिला १३७ कां? जुन्या कांहीं यंत्रणा पाठवितांना प्रत्येक बाइटाचा आठवा बिट गाळीत. तसें झालें कीं १३७ चे ९ होतात आणि बिघाड तत्काळ उमगतो. १३ व १० हीं ओळ संपल्याचीं चिन्हें. कोणीं फाइलीस मजकूर समजून तीं बदललीं, तर खूण मोडते. ओळखपत्रच प्रवासांतील मोडतोडीची साक्ष देतें! युनिक्समध्यें अशी पारख करणारी 'फाइल' नांवाची आज्ञा १९७३ पासून आहे.

एचईआयसीची खूण मात्र पांचव्या बाइटापासून सुरू होते. पहिले बारा बाइट तपासले असते, तर त्या मुलीस तेथल्या तेथें चूक कळली असती.

तथापि खुणेवरहि सर्वस्वीं विसंबूं नये. वर्डची डॉक्एक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स आणि मोबाइलची एपीके, तिन्ही वस्तुतः झिपचीं गाठोडीं. तिन्हींचा आरंभ 'पीके' या अक्षरांनीं. तेथें गाठोडें सोडून आंत काय आहे तें पाहावें लागतें. साध्या मजकुरास तर खूणच नाहीं. २००८ सालीं संशोधकांनीं असेंहि दाखविलें, कीं एकच फाइल पुढून जीआयएफ चित्र आणि मागून जावा प्रोग्रॅमचें गाठोडें असूं शकते; कारण जीआयएफ आरंभापासून वाचतात, झिपची अनुक्रमणिका मात्र शेवटीं असते. म्हणून चित्र असेल तर तें पुरतें उलगडून नव्यानें बांधावें, त्यास आपण नांव द्यावें, आणि जेथें कोणताहि प्रोग्रॅम चालूं शकत नाहीं अशा जागीं ठेवावें.

त्या मुलीचा अर्ज दुसऱ्या फेरींत मान्य झाला. परवां मीं त्याच संकेतस्थळावर चार ओळींच्या मजकुराची फाइल 'जेपीजी' नांवानें धाडून पाहिली. पोंच आली.