शेवटच्या खोलीपर्यंत वायफाय

एका ओळीत खोल्या, जाड दगडी भिंती, वर पत्रा. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अशा शाळा तुम्ही पाहिल्या असतीलच. आमचीही तशीच. ऑफिसात वायफायचा डबा बसला, पण सातवीच्या वर्गात पडद्यावरचं चाक नुसतं गोल गोल फिरायचं. "बाई, आम्ही शेवटच्या खोलीत बसतो, यात आमची काय चूक?" एका मुलीनं विचारलं. खरंच होतं तिचं!

वायफाय म्हणजे रेडिओलहरी. दगडी भिंतीत त्या क्षीण होतात, पत्र्यावरून उलट फिरतात. मग मोठा डबा आणायचा? छे! डबा कितीही मोठ्यानं बोलला, तरी टॅबचा बारीक आवाज त्याला ऐकू यायला हवा ना? म्हणून लहान लहान डबे जागोजागी लावतात. त्यांना अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वायफाय सुरू झालं, तेही असंच.

मुलांनी चौकटींच्या वहीत शाळेचा नकाशा काढला. मोबाइल घेऊन आम्ही खोलीखोलीत फिरलो. सिग्नल चांगला तिथं हिरवं टिंब, नाही तिथं लाल. तीन डब्यांच्या जागा ठरल्या. ऑफिसातल्या स्विचपासून प्रत्येक डब्यापर्यंत एक वायर. तिच्यातूनच वीजही जाते, बरं का! पण ही वायर १०० मीटरपेक्षा लांब चालत नाही, म्हणून टेपनं मोजून घेतलं.

आता एक गंमत. शेजारच्या दोन वर्गांनी एकदम वेगवेगळे पाढे म्हटले, तर काय ऐकू येईल? गोंधळ! डब्यांचंही तसंच. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीन: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांना वेगवेगळे द्यायचे.

या सगळ्या डब्यांचे हेडसर म्हणजे कंट्रोलर. पासवर्ड एकदा बदलला की सगळीकडे बदलतो. एखादा डबा बंद पडला, तर लगेच कळतं.

सातवीचं चाक थांबलं आणि धडा सुरू झाला!

पालकांनो, घरचा डबा लोखंडी कपाटामागे ठेवू नका. आणि मुलांनो, तुमच्या शाळेचा नकाशा काढा. डबे तीन रंगांत रंगवा. शेजारी-शेजारी एकच रंग नको हं! आणि सुरुवात शेवटच्या खोलीपासून करा.