उद्वाहन हळुवार थांबते ते कसे?

वरळीच्या बीडीडी चाळींचा आणि जिन्याचा संबंध जुना आहे. तत्कालीन मुंबई विकास विभागाने १९२० च्या दशकात उभारलेल्या या १२१ इमारतींची रचना तळमजला अधिक तीन मजले अशी होती व प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. म्हाडामार्फत हाती घेण्यात आलेल्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. ही घरे चाळीस मजली इमारतींत आहेत. विसाव्या मजल्यावरील वृद्धाचे खाली येणे-जाणे यापुढे उद्वाहनावर, म्हणजेच लिफ्टवर, अवलंबून राहील. म्हणून या यंत्राची गती कशी सांभाळली जाते, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

आपल्याकडील विजेची कंप्रता सेकंदाला ५० आवर्तने अशी ठरलेली असते. मोटारीचा वेग हळूहळू वाढवावयाचा तर ही कंप्रता बदलावी लागते. त्यासाठी आधुनिक उद्वाहनात प्रथम विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर करण्यात येते आणि नंतर अर्धवाहक स्विचांच्या साहाय्याने हवा तसा प्रवाह घडविला जातो. परंतु स्विचला दोनच अवस्था ठाऊक असतात : चालू आणि बंद.

येथे चाळीतल्या नळाचे उदाहरण घेता येईल. तोटी अर्धवट उघडता येत नसेल, पण दर दहा सेकंदांपैकी पाच सेकंद ती पूर्ण सोडली, तर पिंपात निम्मेच पाणी जमते. विजेचेही तसेच आहे. स्पंदाची रुंदी, म्हणजे स्विच चालू असण्याचा काळ, कमीअधिक केला की सरासरी दाब बदलतो. यालाच ‘पल्स विड्थ मॉड्युलेशन’ म्हणतात.

हा काळ मोजण्याचे काम मायक्रोकंट्रोलर या चिमुकल्या संगणकातील टायमर करतो. समजा, तो ० पासून २५५ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतो. गणना ६४ च्या खाली असेपर्यंत स्विच चालू ठेवण्याची आज्ञा दिली, तर तो २५ टक्के काळ चालू राहील. सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके मोजणारा असा टायमर सेकंदात ६२,५०० स्पंद देऊ शकतो. मोटारीसाठी सामान्यतः काही हजार स्पंद पुरतात. तेव्हा मोजणी संथ करण्यात येते. आज्ञेतील अंक क्रमाक्रमाने बदलत गेल्यास मोटारीला लहरीसारखा प्रवाह मिळतो.

हेच काम मुख्य कार्यक्रमावर सोपविता आले असते. परंतु त्याला बटणे, दरवाजे व वजन यांकडेही लक्ष द्यावयाचे असते. त्यात गुंतल्याने एखादा स्पंद लांबला, तर गती डळमळेल. शिवाय मोटारीचे स्विच जोडीने बसविलेले असतात. जोडीतील दोन्ही क्षणभरही एकदम चालू झाले, तर ते जळून जातील. म्हणून एक बंद झाल्यावर किंचित विराम घेऊनच दुसरा चालू करण्याची व्यवस्था टायमरमध्येच केलेली असते.

तथापि टायमर आज्ञाधारक आहे, विचारी नव्हे. मुख्य कार्यक्रम थिजला तरी तो शेवटची आज्ञा पाळीत राहतो. यासाठी कार्यक्रमावर नजर ठेवणारा स्वतंत्र पहारेकरी टायमर असतो. आणि उद्वाहनाचा ब्रेक असा बसविलेला असतो, की वीज खंडित होताच स्प्रिंगच्या जोरावर तो आपोआप लागावा.

शेतावरील सौर पंपाच्या नियंत्रकातही हेच तत्त्व वापरले जाते. शाळेत एका लहानशा दिव्याच्या साहाय्याने शिक्षकांना ते सहज दाखविता येईल. उद्वाहनाची नियमित तपासणी ही चैन नसून गरज आहे, हे यंत्राचे अंतरंग समजले म्हणजे वेगळे सांगावे लागत नाही.