एलियन सापडले, तर सरकार आपल्याला सांगेल का? बीडच्या आकाशापासून समजून घ्या

2024 च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांची झोप उडाली होती. रात्री आकाशात लुकलुकणारे दिवे दिसायचे, ड्रोन घिरट्या घालायचे. चोर रेकी करतायत, अशी अफवा पसरली आणि लोक रात्र-रात्र गच्चीवर पहारा देऊ लागले. विषय विधिमंडळात पोहोचला, पण हे ड्रोन नेमके कुणाचे याचं उत्तर गावकऱ्यांना लवकर मिळालं नाही.

मार्च 2025 मध्ये त्याच जिल्ह्यात, वडवणी तालुक्यात आकाशातून दगड पडले. एक तर घराच्या पत्र्याला भोक पाडून आत आला. अभ्यासकांनी दगड तपासले आणि ते उल्कापिंड असल्याचं सांगितलं.

एका घटनेत उत्तर मिळालं, दुसऱ्या घटनेत लोक वाट बघत राहिले. अशा वाट बघण्यातूनच एक मोठा प्रश्न जगभर विचारला जातो: परग्रहावरचं जीवन सापडलं, तर सरकार ते लपवेल का? आणि का लपवेल?

कारण 1: स्वतःचीच गुपितं

जुलै 1947 मध्ये अमेरिकेतल्या रॉसवेलजवळ काही अवशेष सापडले. लष्कराने आधी 'उडती तबकडी' म्हटलं आणि लगेच 'हवामानाचा फुगा' म्हणून शब्द फिरवला. 1994 मध्ये अमेरिकी हवाई दलाने सांगितलं की तो 'प्रोजेक्ट मोगल'चा फुगा होता. सोव्हिएत अणुचाचण्यांचा सुगावा घेण्यासाठीचा हा गुप्त प्रकल्प. म्हणजे लपवाछपवी झाली होती, पण ती हेरगिरीची.

यू-2 या हेरविमानाचंही तेच झालं. आकाशात फार उंचावर चमकणारं हे विमान लोकांना तबकडी वाटायचं. ते आपलंच आहे हे सांगता येत नसल्याने अधिकाऱ्यांनी भलतीच कारणं दिली. सीआयएच्याच 1997 च्या लेखात ही कबुली आहे.

कारण 2: लोक घाबरतील ही भीती

जानेवारी 1953 मध्ये सीआयएने शास्त्रज्ञांची 'रॉबर्टसन समिती' बसवली. तबकड्यांच्या तक्रारींचा पूर आला तर शत्रूच्या खऱ्या हल्ल्याची सूचना त्यात बुडून जाईल, अशी काळजी तिने मांडली. म्हणून लोकांचं या विषयाचं कुतूहल कमी करा, असा सल्ला दिला.

कारण 3: चुकण्याची भीती

2012 मध्ये लडाखच्या सीमेवर जवानांना रोज आकाशात तेजस्वी ठिपके दिसत होते. चीनचे ड्रोन असतील, असा संशय होता. कित्येक महिने नोंदी ठेवल्या गेल्या. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उलगडा केला: ते शुक्र आणि गुरू होते! अर्धवट माहिती जाहीर केली तर उद्या हसं होईल, या विचाराने यंत्रणा अनेकदा गप्प बसतात.

पण खरंच लपवता येईल का?

आतापर्यंतचा अनुभव उलटा आहे. 1996 मध्ये मंगळावरून आलेल्या एका उल्कापिंडात सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात, असा नासाच्या शास्त्रज्ञांचा दावा होता. तो लपवला तर नाहीच, उलट राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन स्वतः त्यावर बोलले. पुढे बहुतेक शास्त्रज्ञांना तो पटला नाही.

आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये हैदराबादहून फुगा सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले. 2005 च्या दुसऱ्या फुग्यात जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या. 2009 मध्ये इस्रोने ते जाहीर केलं आणि हे जीव परग्रहावरचेच आहेत असं ठामपणे म्हणता येत नाही, हेही सांगितलं.

शास्त्रज्ञांनी 1989 मध्ये एक आचारसंहिताही ठरवली. संदेश मिळाला तर आधी खात्री करा, मग इतर वेधशाळांना आणि संयुक्त राष्ट्रांना कळवा आणि जगाला उघडपणे सांगा. ती कायद्याने बंधनकारक नाही. पण आकाश कुणा एका देशाचं नाही. एका दुर्बिणीला मिळालेला संदेश खरा आहे का, हे ठरवायला दुसऱ्या देशाची दुर्बीण लागतेच. इतक्या लोकांचं तोंड बंद ठेवणं अवघड आहे.

मार्च 2024 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यानेही जुन्या नोंदी तपासून, परग्रहवासीयांचा कोणताही पुरावा मिळाला नसल्याचं सांगितलं.

मग आपला संबंध काय?

भारतात माहिती अधिकार कायद्याचं कलम 8 देशाच्या सुरक्षेशी आणि वैज्ञानिक हिताशी संबंधित माहिती नाकारण्याची मुभा देतं. काही गुपितं गरजेची असतात, हे मान्य. पण मौनाचीही किंमत असते. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार केलं. मोबाईलवरून फिरलेल्या अफवांनी आधीच लोकांच्या मनात भीती भरली होती.

म्हणून प्रशासनाने 'आम्हाला अजून माहीत नाही, तपास सुरू आहे' एवढं वेळेत सांगितलं तरी अफवेची अर्धी हवा निघून जाते. आणि रात्री आकाशात काही दिसलं, तर व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी वेळ आणि दिशा लिहून ठेवा, 112 वर कळवा. कदाचित तो शुक्रच असेल.