वाऱ्याचा तानपुरा

शाळेच्या बँडसाठी चिरंजीवांनी सॅक्सोफोन निवडला, तेव्हा आम्ही दोघंही हिरमुसलोच. पेटीच्या क्लासला इतकी वर्षं गाडीने ने-आण केली, आणि आता हे वरातीतलं वाद्य घरात! मग एका मित्राने १९८७ सालचं ‘मेकिंग म्युझिक’ ऐकवलं. झाकीरभाईंचा तबला, हरिजींची बासरी, मॅकलाफ्लिनची गिटार आणि त्यांत नॉर्वेच्या यान गार्बारेकचा सॅक्सोफोन. तो आमच्या कानांना चक्क सनईच्या घरातला वाटला.

१९४७ साली जन्मलेला हा माणूस चौदाव्या वर्षी रेडिओवर कोल्ट्रेन ऐकून जॅझकडे वळला. १९८६च्या एका तबकडीत तर सिंथेसायझरसकट सगळी वाद्यं त्याने एकट्याने वाजवली. पण आम्हांला धरून ठेवलं ते १९७६ सालच्या ‘डिस’ने. त्यात नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या वायुवीणेचा नाद आहे. वाजवणारा कोणी नाही. तारेमागे हवेचे भोवरे आळीपाळीने सुटतात आणि तार थरथरते. (उंच धुराड्यांच्या बाबतीत हाच प्रकार आम्हा इंजिनिअरांची झोप उडवतो!) वारा वाढला की सूर वर चढतो. तानपुऱ्यापाशी गवई बसावा तसा गार्बारेक त्या नादात बसतो. एक स्वर, मग लांब विराम. राल्फ टाउनरची गिटारही अगदी बेताची.

चिरंजीव अजून बेसूरच वाजवतात. पण परवा बेसमेंटमध्ये त्यांनी एकच सूर लांबवर धरला, आणि हिने काही न बोलता आपला इलेक्ट्रॉनिक तानपुरा खाली नेऊन दिला.